ताटाएवढा उजेड

६ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद वर लिहून जागा अडवत नाही, ते तुला न मागता मिळतातच. इथे क्वार्टरमध्ये फोनची रेंज कशी आहे ते तुला ठाऊक आहे. खिडकीत एका पायावर उभं राहिलं तर 'हॅलो' एवढंच पलीकडे जातं. म्हणून पत्र.

मला एक टॉर्च हवा आहे. तू अवजारांच्या दुकानात काउंटरवर असतेस, दिवसभर हेच विकतेस, मग मी दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडे कशाला बघू? खात्याने दिलेला टॉर्च म्हणजे मुसळ आहे. एका हातात तो, दुसऱ्या हातात खडू, मग कठडा काय दातांनी धरू? शर्टाच्या खिशात मावेल, रोज अंगावर राहील असा लहान हवा. आणि उजेड असा, की भिंतीला घाम फुटला तर तो आधी मला कळावा.

दुकानातली माणसं विचारतील, मामा चोरबिर आहे की काय, तर त्यांना सांग. धरणाच्या भिंतीच्या पोटात एक लांबलचक बोगदा असतो, त्याला आम्ही गॅलरी म्हणतो. रोज सकाळी मी तिच्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो. भिंत कुठे ओली झाली, ओल कालच्यापेक्षा किती पुढे सरकली ते बघायचं, ओलीच्या टोकाला खडूने रेघ मारायची आणि शेजारी तारीख घालायची. जाताना एक भिंत, येताना दुसरी. सव्वीस वर्षं हेच चाललंय.

आता नव्या इंजिनीअर मॅडम आल्यात. परवा म्हणाल्या, "मामा," (इथे मी सगळ्यांचाच मामा) "तुमच्या दोन रेघा राहिल्या. नीट दिसत नसेल तर वर ऑफिसात बसा, नोंदवह्यांचं काम पडलंय." वर ऑफिसात! पंखा, टेबल आणि खिडकीतून दिसणारा सायकल स्टँडचा पत्रा! मला तिथे बसवलं तर आठ दिवसांत वाळून जाईन मी. टॉर्च जुना झालाय म्हणालो आणि सुटलो. तेव्हा लवकर पाठव. माझी गॅलरी आता त्या टॉर्चवर टिकून आहे.

तुझा मामा

१४ जानेवारी

मामा,

नमस्कार, वाकून केलाय असं समज. आईला म्हटलं मामाने टॉर्च मागितलाय. ती म्हणाली, "त्याला लहानपणीसुद्धा अंधारातच करमायचं."

आता जरा काउंटरवरचं ज्ञान ऐक. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, ल्युमेन किती? ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो पडतो कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. काही टॉर्च सगळा उजेड गोळा करून लांब एकाच जागी फेकतात, काही जवळच सांडतात पण चहूकडे सांडतात. तुझा बोगदा लांब, म्हणून मी लांब झोताचा निवडलाय.

याला 'टॅक्टिकल' म्हणतात. दचकू नकोस, पहाऱ्यावरची माणसं वापरतात त्या जातीचा एवढंच. तुझ्या अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, खिशाला अडकवायला क्लिप, बटण शेपटाला. हजार ल्युमेन. पाण्यात पडला तरी तक्रार करत नाही. फक्त बटण तीनदा पटापट दाबू नकोस, लुकलुकायला लागतो आणि समोरच्याला भोवळ येते. मॅडमवर प्रयोग करायचा नाही, सांगून ठेवते.

ठमी

२५ जानेवारी

ठमे,

केवढासा गं हा! डबा उघडून आधी वाटलं तू मला पेनाचं टोपण पाठवलंस. खिशात घातला आणि खाली उतरलो. एकशे चाळीस पायऱ्या. वर ऊन तापलेलं असतं आणि दहा-बारा पायऱ्या उतरलं की गार हवा पायाशी येते. मग वरचं जग हळूहळू खरं वाटेनासं होतं. एका बाजूला एवढं मोठं तळं, आणि मधे ही भिंत. मला कायम वाटतं, पाणी झोपलंय आणि मी त्याच्या उशाशी चालतोय. कधीकधी चालता चालता माझाच डोळा लागल्यासारखा होतो, पावलं चालू असतात. मासे भिंतीपलीकडून माझ्या बरोबरीने येत असतील असं मनात येतं. कुणाला सांगू नकोस, मला आधीच टेबलावर बसवायच्या गोष्टी चालल्यात.

पण टॉर्चचं मात्र जमलं नाही. उजेड लख्ख आहे, नाही असं नाही. पण ताटाएवढाच पडतो गं. जेवायच्या ताटाएवढा गोल, आणि त्याच्या कडेला लगेच काळोख.

दुसरा पाठवशील तेव्हा आधी तू स्वतः बघ. अगदी अंधाऱ्या खोलीत जा, भिंतीपासून चार पावलांवर उभी राहा, समोर एका खिळ्याकडे नजर लाव. मान हलवायची नाही, बुबुळंसुद्धा नाही. आणि डावी-उजवीकडे, वर-खाली काय काय दिसतं ते मला सगळं लिही. काही सोडू नकोस. म्हाताऱ्याचा हट्ट समज.

मामा

३ फेब्रुवारी

मामा,

चूक माझी. लांब झोताचा टॉर्च जवळच्या भिंतीवर ताटच वाढणार. आता पसरट झोताचा निवडलाय. पुढची काच साधी नाही, दुधी आहे, उजेड मऊ होऊन सगळीकडे पसरतो.

तुझी परीक्षा दिली. दुपारी मालक जेवायला गेले तेव्हा मागच्या गोदामात शिरले, दार लावून घेतलं. आधी काहीच नव्हतं, माझे हातसुद्धा नव्हते. मग बटण दाबलं. मामा, इतक्या वर्षांत शेकडो टॉर्च विकले पण असा एकटीने अंधारात कधी लावला नव्हता. धूळ तरंगत होती, अगदी सावकाश, आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. बाहेर गिऱ्हाईक ओरडत होतं म्हणे.

तर, नजर खिळ्यावर. डावीकडे झाडू, त्याच्या पलीकडे शिडीचा एक पाय. उजवीकडे रंगाचे डबे, शेवटचा निळा. वर पंख्याचं एक पातं. खाली माझ्या चपलांची टोकं, उजव्या चपलेचा अंगठा सुटत आलाय तोही दिसला. झालं समाधान? चष्म्याचा नंबर काढायला आल्यासारखं वाटलं मला.

ठमी

१६ फेब्रुवारी

ठमे,

छान. फार छान. शिडीचा पायसुद्धा दिसला ना? आणि चपला? मान हलवली नव्हतीस ना नक्की? वा! फार बरं वाटलं वाचून.

टॉर्च मात्र तसाच निघाला. मऊ आहे उजेड, पण ताटाचं ताटच. पाय मुरगळलाय, म्हणून हे बसून निवांत लिहितोय. गॅलरीच्या कडेने पाणी जायला नाली आहे, तिच्यात पडला पाय. शेवाळ झालंय फार.

परवा डब्याच्या वेळी खाली बसलो होतो. टॉर्च बंद केला. अंधारात पाण्याचे थेंब किती वेगवेगळ्या सुरांत पडतात, ऐकत राहावंसं वाटतं. भिंतीच्या सांध्यांना नंबर आहेत, त्यातल्या बावीस नंबरपाशी जाड पडतो, तीसपाशी बारीक. डोळे मिटलेत की उघडे हेच मला थोडा वेळ आठवेना. असं सुख वर कुठे मिळणार?

मामा

२४ फेब्रुवारी

मामा,

पसरट झोताचा टॉर्च ताट दाखवणारच नाही. बिघडलेला माल तुझ्या गळ्यात मारलाय बहुतेक मी. आल्या पार्सलाने परत पाठव, बघते. आणि सव्वीस वर्षं जी नाली तुला तोंडपाठ आहे तिच्यात पाय पडतोच कसा? शेवाळाचं नाव सांगू नकोस, नालीत पाय पडायला आधी नाली नजरेतून सुटावी लागते.

ठमी

२ मार्च

ठमे,

टॉर्च परत पाठवतोय. आता तुझ्या दुकानातला सगळ्यात जोरदार पाठव. तीन हजार ल्युमेनचा असतो म्हणे, खात्यातल्या एकाकडे आहे. खिशात नाही मावला तरी चालेल, गळ्यात बांधीन.

काल मॅडम स्वतः खाली उतरल्या. अठरा नंबरपाशी गुडघ्याच्या उंचीवर ओल निघाली. बारीक आहे, काळजीचं नाही, पण आठ दिवसांची असावी. छातीच्या उंचीवरच्या माझ्या रेघा सगळ्या बरोबर होत्या. ही तेवढी नव्हती. मॅडमनी माझ्या हातातला खडू घेतला आणि स्वतः तिथे रेघ मारली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तुमच्या टेबलाचं एप्रिलअखेरीला ठरवू म्हणाल्या. लवकर पाठव गं.

मामा

९ मार्च

मामा,

टॉर्च बिघडलेला नाही.

गोदामात नेऊन तीनदा लावून बघितला. झाडू, शिडी, निळा डबा, सगळं जागच्या जागी दिसतं. मालकांना बघायला लावलं, त्यांनाही दिसतं. त्याच टॉर्चने तुला ताट दिसतं. दोन्ही टॉर्चनी तुला एकच ताट दिसलं, हे आधीच कसं माझ्या लक्षात आलं नाही? दिवसभर टॉर्च विकते ना, म्हणून मला सगळा दोष टॉर्चचाच दिसला. नाली खाली असते, गुडघा खाली असतो. तुला समोरचं तेवढं दिसतं.

एक कर. समोर कॅलेंडरकडे बघत उभा राहा. दोन्ही हात बाजूला ताठ पसर आणि बोटं हलवत हळूहळू पुढे आण. बोटं कुठे आल्यावर दिसायला लागली ते मला खरं खरं लिही. मला हात पसरल्या पसरल्या दिसतात.

तीन हजाराचा मी पाठवणार नाही. माझ्या हाताने तर नाहीच. तुझ्या डोळ्यांत ताटाएवढीच जागा उरली असेल तर त्यात मी कितीही उजेड ओतला तरी ताटच भरेल. आणि भिंतीपलीकडे तुझे मासे आहेत तसं अलीकडे, खाली, गाव आहे.

मला भीती वाटते रे मामा.

ठमी

१२ मार्च

ठमाबाई,

टॉर्च विकता, टॉर्चच विका. डोळ्यांचा दवाखाना कधी काढलात ते कळवलं नाहीत. दुकानं गावात पुष्कळ आहेत. मी माझं बघून घेईन.

मामा

३० मार्च

मामा,

तुला 'ठमाबाई' लिहिताना हसू आलं असेल असं म्हणून दोन दिवस काढले. नंतर नाही जमलं.

मी आईला सांगितलं नाही. मॅडमना तर मी ओळखतही नाही. पण पाकिटावर तुझ्या ऑफिसचा पत्ता कसा लिहायचा हे मला पाठ आहे, आणि आज सकाळी एक पाकीट लिहून ठेवलंय. आत मजकूर नाही. तो तू तुझ्या तोंडाने मॅडमना सांगावास म्हणून थांबलेय. तुझ्यामागे तुझी चहाडी करायला लावू नकोस मला. मी करीन, आणि मग आयुष्यभर तुझ्यासमोर उभी राहू शकणार नाही.

तू मला रागावलेला चालेल. पण नालीत पडलेला चालणार नाही.

ठमी

१० एप्रिल

ठमे, बाळा,

चार वेळा कागद घेतला आणि फाडला. आता लिहितो ते एकदम लिहितो.

मला माहीत होतं. गेल्या नोव्हेंबरात मी गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. ते म्हणाले, कडेचं दिसणं गेलंय, मधलं राहिलंय. किती दिवस राहील सांगता येत नाही, गेलेलं परत येत नाही. बाहेर उजेडात मान फिरवून निभावतं, खाली अंधारात नाही. तरी वाटायचं, चांगला टॉर्च मिळाला तर कडा उघडतील. तू हजार म्हणालीस तेव्हा मी वेड्यासारखा खूश झालो होतो. तुझी बोटांची परीक्षा त्याच दिवशी दिली. हात जवळजवळ नाकासमोर आले तेव्हा बोटं दिसली. त्याच रागात ते पत्र लिहिलं. राग तुझ्यावर नव्हता.

पण डॉक्टर आणखी एक म्हणाले होते. हे रक्तातून उतरतं. त्यावर मी बाकावर बसलो तो उठलोच नाही बराच वेळ. मला माझी आई दिसायला लागली, तुझी आजी. तू तिला पाहिलं नाहीस. ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, वाटेतली बादली लाथेने उलटवायची, कुणी बाजूने भांडं पुढे केलं की तिच्या हाताचा धक्का लागून खाली. आम्ही सगळे तिला धांदरट म्हणायचो. मी, ताई, बाबा, आल्यागेल्यासमोर हसायचो. तीही हसायची आणि सांडलेलं पुसायची. तिला दिसत नव्हतं गं. आणि दिसत नाही हे तिलासुद्धा माहीत नव्हतं, तिला वाटायचं आपणच वेंधळे. सत्तर वर्षांची होऊन गेली, तरी आपण वेंधळे आहोत असंच समजून गेली.

मग मला तू आठवलीस. ताईची मुलगी. तुला कसं विचारू? 'तुला कडेचं दिसतं का' असं पत्रात लिहिलं असतं तर ताई घाबरून गेली असती. म्हणून टॉर्चच्या आडून विचारलं. खिळ्याकडे बघ म्हटलं. तुझं उत्तर आलं तेव्हा मी ते पायऱ्यांवर बसून वाचलं. झाडू आहे, शिडी आहे, निळा डबा आहे, चपलांची टोकं आहेत. ठमे, मी रडलो. तुझ्या तुटलेल्या चपलेसाठी आजवर इतकं कुणी रडलं नसेल. तुझ्याकडे आलेलं नाही असं वाटलं, आणि मग माझं काय व्हायचं ते होवो.

आता राहिली गॅलरी. तुझं गावाबद्दलचं वाक्य मी विसरू बघतोय, जमत नाही. सव्वीस वर्षं मी खाली चालतोय ते त्या गावाने निवांत झोपावं म्हणून, आणि आता मीच... पुढचं लिहवत नाही. मॅडमना सांगतो. सोमवारी सांगतो.

मामा

१७ एप्रिल

मामा,

सांगितलंस का? सोमवार होऊन गेला.

मी आईला सगळं वाचून दाखवलं. न विचारता, त्याबद्दल रागाव. "बादली मीच वाटेत ठेवायचे," एवढंच म्हणाली आणि आत गेली. बऱ्याच वेळाने डोळे पुसून बाहेर आली, म्हणाली, "त्याला विचार, एकटा कसा राहतोय?"

खिळा बघून डोळे कळत नाहीत, म्हणून आम्ही दोघी दवाखान्यात जाऊन आलो. एका यंत्रात तोंड घालून बसायचं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. माझे दोन्ही डोळे कडेपर्यंत चांगले आहेत. आईचा डावा थोडा कमी आहे, पण डॉक्टर म्हणाले तो वयाचा भाग, वर्षाने परत दाखवा. हे तुला आधी लिहायला हवं होतं, पण मला तुझा सोमवार महत्त्वाचा वाटला.

मी सत्तावीसला येतेय. मालकांनी चार दिवस दिलेत. दुपारची गाडी.

ठमी

२१ एप्रिल

ठमे,

सांगितलं. सोमवारी दारापर्यंत जाऊन परत आलो, मंगळवारी सांगितलं. मॅडम भडकल्या. "नोव्हेंबरपासून? मामा, भिंतीमागे किती पाणी आहे ते तुम्ही मला शिकवलंत!" मी मान खाली घालून उभा राहिलो. बरोबरच होतं त्यांचं. मग त्यांनी खुर्ची पुढे केली आणि ती मला दिसली नाही, मी तिला अडखळलो. त्यांनी माझा दंड धरला आणि बसवलं.

त्या दिवसापासून मी खाली एकटा जात नाही. माझी फेरी पंपघरातल्या मिस्त्रीला दिलीय. तीन दिवस मॅडम, मिस्त्री आणि मी तिघं मिळून गेलो. टॉर्च मिस्त्रीच्या हातात, माझा हात त्याच्या खांद्यावर. तेविसावा सांधा कधी ओला होतो आणि कधी नुसता गार लागतो, कुठे हवा बदलते, असलं कुठल्या वहीत नसलेलं सगळं मी बोलत होतो, मॅडम लिहून घेत होत्या. शेवटच्या दिवशी परतताना मी मागे राहिलो आणि भिंतीला हात लावून उभा राहिलो. निरोप वगैरे घ्यायचा होता. गार होती, नेहमीसारखी. मिस्त्री हाक मारत होता, म्हणून निघालो.

वर टेबल मिळालंय. पंखा आवाज करतो. अजून वाळलो नाही.

सत्तावीसला मी थांब्यावर येईन. एकटा येतो, रस्ता पाठ आहे. फक्त एक सांगतो, आजवर कुणाला सांगितलं नाही. गाडीतून उतरलीस की तुझ्या सवयीने बाजूने येऊन दचकवू नकोस, खरंच दचकतो आता. समोरून ये. थोडी लांबून, सरळ समोरून चालत ये, म्हणजे मला तू पूर्ण दिसशील.

मामा